उंबऱ्याशी ठेवलेलं कौल

आकाराम पहिल्यांदा नजरेत भरला तो उंब्रजच्या एका जुन्या शाळेच्या छपरावर. मे महिन्याची सुट्टी होती, वर्ग रिकामे होते आणि वर एक सडपातळ माणूस मांजरासारखा वाशावाशाने सरकत होता. कौलावर पाय पडत होता, पण आवाज येत नव्हता. संध्याकाळी तो शिडीवरून उतरला तेव्हा त्याच्या हातात फुटक्या कौलाचे तुकडे होते. ते त्याने आवारातल्या ढिगावर फेकले नाहीत. ऑफिसच्या उंबऱ्याशी, डाव्या बाजूला, एकावर एक नीट रचून ठेवले.

शिपाई करवादला, "आरं, ह्यो कचरा हितं कशाला? हेडमास्तर धडपडत्याल की!"

"धडपडू द्या," आकाराम म्हणाला. "त्याबिगर ध्यानात येत न्हाई."

मग त्याने सांगितलं ते असं. त्याचा बाप कौलं शाकारायचा, आजाही तेच करायचा. घराचं दार उघडलं तर घरधन्याला कळतं, कडी वाजते. छप्पर उघडलं तर कळत नाही. म्हणून ज्यानं छप्पर उघडलं त्यानं फुटकं कौल उंबऱ्याशी ठेवायचं. घरधन्यानं ते आपल्या हातानं उचलून टाकलं की काम पुरं झालं. आणि वर असताना उघड्या छपरातून खाली बघायचं नाही. "खाली लोकांचा संसार असतुया. कोन न्हात असंल, कोन रडत असंल. आपली नजर रिपंवर, कौलाखालच्या पट्टीवर."

बोलणं कमी, हात स्वच्छ, कामावर पान-तंबाखू नाही. वय तेव्हा चाळिशीच्या आतबाहेर. बायको अंजना दुसऱ्यांच्या रानात भांगलणीला, तण काढायला जायची. घरात तीन शेळ्या आणि बापाच्या वेळची बांबूची शिडी. दर उन्हाळ्यात तो उंब्रजहून निघायचा आणि कामं करत करत इस्लामपूरच्या पुढच्या गावांपर्यंत जायचा. पत्र्याची आणि स्लॅबची घरं वाढली तशी ही वाट आखूड होत गेली. तरी चारदोन गावं त्याची वाट बघायची. बापाकडून आलेल्या त्याच नियमांनी पुढे त्याला कोर्टाची पायरी दाखवली.

इस्लामपूरच्या पलीकडच्या एका गावात शालूबाई नावाची म्हातारी एकटी राहायची. एका उन्हाळ्यात आकाराम तिच्या छपरावर होता. दुपारची वेळ, गाव सामसूम. शालूबाई खाली झोपलेली. सहज मान वर केली तेव्हा त्याला शेजारच्या घराची मागची उतरण दिसली. तीन कौलं जागेवरून हललेली, एक फुटलेलं, आणि मधे माणूस जाईल एवढी काळी पोकळी.

ते घर जयराजचं. जयराज फौजेत, बायको-मुलं पुण्यात, घराला दिवाळीपासून कुलूप. किल्ली आणि देखरेख त्याचा चुलता नाथाजी याच्याकडे. नाथाजी त्या दिवशी उसाला पाणी द्यायला रानात गेलेला.

सरकलेलं कौल दिसलं तर तसंच सोडून जायचं नाही, मग घर कुणाचंही असो, हेही बापाचंच. आकारामने शिडी हलवली आणि तो जयराजच्या छपरावर गेला.

पोकळीपाशी बसला तेव्हा खालून बंद घराचा वास वर आला. डांबरगोळ्यांचा, घडी घातलेल्या गोधड्यांचा. कडक उन्हात बसलेला असूनही त्याच्या मानेवर शहारा आला. खाली काहीतरी हललं, किंवा हलल्यासारखं वाटलं. कदाचित उघडं राहिलेलं कपाटाचं दार वाऱ्याने कुरकुरलं असेल. एक क्षण वाकून बघावंसं वाटलं.

त्याने मान फिरवली. रिपेवर नजर ठेवून तीन कौलं बसवली, चौथं शालूबाईच्या ढिगातलं आणून लावलं, बोटाने खाच चाचपली. खाली उतरून फुटक्या कौलाचे दोन तुकडे जयराजच्या उंबऱ्याशी, डाव्या बाजूला, एकावर एक ठेवले. शालूबाई तोवर जागी झाली होती. डोळ्यांवर हात धरून तिने विचारलं, "कोन रं त्यो?"

"मी हाय म्हातारे, आकाराम. जयराजचं कौल सरकलं हुतं."

"बरं केलंस बाबा. च्या घेतूस का?"

चहा घेऊन तो संध्याकाळच्या गाडीने उंब्रजला गेला. नाथाजीला सांगायचं राहून गेलं. त्यात सांगण्यासारखं तरी काय होतं?

तीन आठवड्यांनी जयराज सुट्टीवर आला. कुलूप जागेवर, कडी जागेवर, छप्पर साबूत. आत कपाट फोडलेलं, आईचे दागिने गेलेले. चोर दारातून आला नव्हता. मग वरून आला असला पाहिजे. पण कौलं तर जागच्या जागी, खाचेत खाच. पंचनामा करायला आलेला हवालदार शिडीवरून उतरला आणि हात झटकत म्हणाला, "ज्यानं हे बसवलंय, तो रोजचाच आहे या कामातला."

हे वाक्य गावात चुलीचुलीपाशी गेलं. शालूबाईला विचारलं तेव्हा तिने खरं तेच सांगितलं. "व्हय, आकाराम चढला हुता की." कौलांवर बोटांचे ठसे मिळाले ते त्याचेच. कपाटावर कुणाचेच धड मिळाले नाहीत.

उंब्रजच्या घरी पोलीस आले ते सकाळी, अंजना शेळ्यांना पाला टाकत असताना. आरडाओरडा नाही, मारझोड नाही. एक कागद दिला आणि सांगितलं, चौकशीला यायचं. आकाराम गेला. विचारलं त्याचं उत्तर दिलं. "चढलास?" "व्हय." "कौलं काढलीस?" "न्हाई, बसवली." "भोक होतं तर आत बघितलं नाहीस?" "न्हाई." साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि त्याच्याकडे नुसतं बघितलं. उघड्या भोकाशी बसून आत न बघणारा माणूस त्यांनी नोकरीत कधी पाहिला नसावा.

दोनदा बोलावलं, दोनदा परत पाठवलं. उंब्रजमध्ये मात्र तेवढं पुरलं. पारावर एकाने हाक मारली, "काय गड्या, छपराखालचं बी शाकारलंस म्हनं!" सगळे हसले. आकारामही हसला, कारण हसण्याशिवाय काय करावं ते सुचलं नाही. त्या आठवड्यात ठरलेल्या दोन घरांनी निरोप पाठवला, यंदा राहू दे.

अंजना म्हणाली, "आवं, वकील बघूया."

"वकील चोराला लागतुया."

"मग चोर नसलेल्याला काय लागतंय?"

आकाराम शेळ्यांना पाणी पाजायला उठला.

तिसऱ्या बोलावण्याच्या आदल्या दिवशी नाथाजी आला. मोटारसायकल दाराशी लावली, पाणी मागितलं, शेळ्यांची चौकशी केली. मग खिशातून घडी घातलेला स्टॅम्प पेपर काढला.

"आकाराम, तुज्या बापानं माज्या बापाचं छप्पर शाकारलंय. तू चोर न्हाईस, ह्ये मला सांगाया नगं. पर जयराज तापलाय. फौजी मानूस, ऐकंना. तू एक लिहून दे. 'झाल्याली नुकसानी मी आकाराम हळूहळू भरून देतो, जबाबदारी माजी.' मग मी केस मिटवतो. पोलिसाचं तोंड पुन्यांदा बगाया लागायचं न्हाई."

"म्या काय केलंच न्हाई तर जबाबदारी कशी?"

"आरं, कौल तुज्या हातचं हाय का न्हाई?"

इथे आकाराम फसला. लोभाने नव्हे, भीतीनेही फारसा नव्हे. ज्या छपराला हात लावला त्याखाली थेंब जरी गळला तरी तो आपल्या अंगावर, हे तो लहानपणापासून ऐकत आला होता. त्याच्या कौलाखालून एका माणसाच्या आईचे दागिने गेले होते. त्या दिवशी त्याने वाकून बघितलं असतं तर त्याच दुपारी बोंब झाली असती. तीन आठवडे चोराला मोकळे मिळाले ते त्याने भोक झाकल्यामुळे. हे त्याला आतून खात होतं आणि नाथाजीने नेमकं तिथेच बोट ठेवलं होतं. मुद्दाम की सहज, हे आजतागायत कुणाला सांगता आलेलं नाही. किल्ली नाथाजीकडे होती, आणि ही चोरी लवकर मिटावी असं त्यालाही कुणाहून कमी वाटत नव्हतं.

मजकूर नाथाजीनेच लिहिला. आकारामने खाली सही केली, शाळेत शिकवलेली, अक्षर अक्षर सुटं. अंजना रानातून आली तेव्हा मोटारसायकलची धूळ खाली बसत होती.

"काय लिहून दिलंसा?"

"मिटलं समदं."

दुसऱ्या दिवशी तो चौकशीला गेला तो परत आला नाही. कागद त्याच्या आधी ठाण्यात पोचला होता.

अंजना इस्लामपूरला गेली तेव्हा तिच्यासोबत तिचा भाऊ बिरदेव होता. कोर्टाच्या आवारात काळ्या कोटांची गर्दी, आणि कुठल्या कोटाला काय विचारायचं ते दोघांना ठाऊक नव्हतं. झाडू मारणाऱ्या एका बाईने अंजनाचा चेहरा बघून झाडूनेच एका दाराकडे खूण केली. "तितं जा. फुकट वकील देत्यात. फुकट म्हनून लाजू नगं, सरकारचं हाय."

दारावर विधी सेवा समितीची पाटी होती. अर्ज भरून घेतला आणि दोन दिवसांत एक वकील नेमून दिली. नाव संयोगिता. वय तिशीच्या आसपास, आवाज हळू, फाइल मात्र घट्ट धरलेली. अंजनाला वाटलं, ही पोर काय करणार?

संयोगिता आकारामला भेटायला तुरुंगात गेली. तो जाळीपलीकडे बसला होता, दाढी वाढलेली, आणि बोलताना वर छताकडे बघत होता. तिथे स्लॅब होता.

"काका, तुमच्यावर दोन कलमं आहेत," ती म्हणाली. "तीनशे एकतीस म्हणजे घरफोडी, आणि तीनशे पाच म्हणजे राहत्या घरातली चोरी. घरफोडी म्हणजे नुसतं छपरावर चढणं नव्हे. तुम्ही आत शिरलात आणि वाईट हेतूने शिरलात, हे दोन्ही त्यांनी सिद्ध करायचं. तुम्ही काहीही सिद्ध करायचं नाही. कळलं?"

"व्हय."

"पोलिसांपुढं कबूल केलंत का काही?"

"न्हाई. आनि केलं असतं तर?"

"पोलिसांपुढची कबुली कोर्टात तुमच्यावर उलटवता येत नाही." फाइलमधून स्टॅम्प पेपरची प्रत काढून तिने जाळीला लावली. "पण हा कागद पोलिसांपुढं लिहिलेला नाही. हा तुम्ही नाथाजींना घरात बसून दिलाय. हा चालतो काका. ठाण्यात दोनदा जाऊन काही कबूल केलं नाहीत, आणि घरी बसून हे लिहून दिलंत."

इतके दिवस आकारामला वाटत होतं की धोका ठाण्यात आहे. धोका घरी येऊन पाणी पिऊन गेला होता.

"किती वर्सं?" त्याने विचारलं.

"ते आत्ता नको."

"सांगा की मॅडम. अंजनाला सांगाया पायजे."

"सिद्ध झालं तर काही वर्षं जाऊ शकतात. सिद्ध होऊ द्यायचं नाही, एवढंच आपल्या हातात आहे. आणि एक ऐका, आजपासून कुणाला काही लिहून द्यायचं नाही. भावाला नाही, देवाला नाही."

अकराव्या दिवशी जामीन झाला. बिरदेव जामीनदार राहिला, जमिनीचा सातबारा घेऊन. दर सोमवारी ठाण्यात हजेरी. आकाराम उंब्रजहून पहाटे निघायचा आणि सही करून दुपारपर्यंत परतायचा. गाडीत ओळखीचं माणूस शेजारी बसलं की खिडकीबाहेर बघायचं. घरात तो रात्री अंगणात झोपू लागला. अंजनाने कारण विचारलं तर म्हणाला, वर छप्पर असलं की झोप लागत नाही.

दोषारोपपत्राच्या प्रती मिळाल्या त्या दिवशी संयोगिताने त्याला बोलावून घेतलं. ती एकेक पान मोठ्याने वाचत होती, त्याला समजावं म्हणून. कुलपाचं वर्णन, कपाटाचं वर्णन, भिंतीपासून भिंतीपर्यंतची मापं. मग त्याच कोरड्या सुरात तिने वाचलं, "मुख्य दरवाजाचे उंबऱ्यालगत डावे बाजूस फुटलेल्या कौलाचे दोन तुकडे एकावर एक ठेवलेले दिसून आले," आणि ती पुढच्या ओळीवर गेली.

"त्ये मी ठिवल्यालं," आकाराम म्हणाला.

"काय?"

"कौल. घरधन्याला कळावं म्हनून. छप्पर उघडलं हुतं ह्ये."

संयोगिताने वाचायचं थांबवलं. "हे पोलिसांना सांगितलंत?"

"त्येंनी इचारलं न्हाई."

"नाथाजीला माहीत आहे, तुम्ही असं ठेवता ते?"

"वीस वर्सं त्योच उचलून टाकतुया की, त्येच्या घरचं."

मग तिने ती ओळ पेन्सिलीने अधोरेखित केली, इतकी हलकी की दिसू नये. "काका, हे आता माझ्याशिवाय कुणाशी बोलू नका. अंजनाकाकूंशीसुद्धा नको. नाथाजींच्या साक्षीपर्यंत."

ती साक्ष व्हायला वर्षावर काळ गेला. तारखेमागून तारखा. एका तारखेला साक्षीदार नाही, एका तारखेला न्यायाधीशसाहेब रजेवर. प्रत्येक वेळी आकाराम धुतलेला सदरा घालून जायचा आणि बाकड्याच्या टोकावर बसायचा. त्या एका ओळीवर आपली पुढची वर्षं टांगलेली आहेत हे त्याला समजलं होतं. नाथाजीने "मला असं काही ठाऊक नाही" एवढं म्हटलं तरी ती ओळ मातीमोल होणार होती. म्हणायला त्याला कोण अडवणार होतं?

नाथाजी पिंजऱ्यात उभा राहिला तो पांढऱ्याशुभ्र टोपीत. सरकारी वकिलांनी कागद दाखवला. त्याने ओळखला. आकारामने आपल्यादेखत सही केली, म्हणाला. मग संयोगिता उठली.

"यात 'चोरी केली' असा शब्द आहे का?"

"न्हाई."

"अक्षर कुणाचं?"

नाथाजीने टोपी सारखी केली. "माजं."

"आकाराम तुमच्या घराचं छप्पर किती वर्षं शाकारतो?"

"त्येचा बाप धरून म्हनताय का एकला?"

कोर्टात कुणीतरी हसलं. न्यायाधीशांनी मान वर केली तसं ते हसू थांबलं.

"एकला."

"वीस-एक वर्सं."

"काम झालं की जाताना तुमच्या उंबऱ्याशी तो काय ठेवतो?"

बाकड्यावर आकारामने दोन्ही हात गुडघ्यांत दाबून धरले. पंख्याची करकर तेवढी ऐकू येत होती. नाथाजीने एकदा त्याच्याकडे बघितलं, आणि त्या नजरेत काय होतं ते आकारामला कळलं नाही. राग नव्हता. दयाही नव्हती.

"फुटकं कौल," नाथाजी म्हणाला.

"कशासाठी?"

"छप्पर उघडलं हुतं म्हनून. आमाला कळावं म्हनून."

"पंचनाम्याच्या दिवशी जयराजच्या उंबऱ्याशी ते होतं?"

"हुतं."

संयोगिता खाली बसली. पुढचा प्रश्न तिने विचारलाच नाही. चोर छप्पर उघडल्याची वर्दी दाराशी ठेवून जातो का, हे ज्याला समजायचं त्याला समजलं होतं.

निकाल लागला तेव्हा आकाराम सुटला. बाहेर व्हरांड्यात अंजना भिंतीला टेकून रडली. बिरदेवने पेढे आणले. संयोगिताने निकालाची प्रत वाचून दाखवली, तेव्हा आकारामने एका ठिकाणी तिला थांबवलं.

"ह्ये काय म्हनलं? परत वाचा."

"संशयाचा फायदा देऊन निर्दोष मुक्त."

"म्हंजी संशय ऱ्हायला."

"काका, कायद्यात असंच लिहितात. तुम्ही सुटलात."

"सुटलो खरं," तो म्हणाला. "पर त्यो बी ऱ्हायला की."

तिने प्रत त्याच्या हातात दिली. त्याने ती घडी करून आतल्या खिशात ठेवली. पेढा खाल्ला नाही, अंजनाच्या पदरात टाकला.

चोर सापडला नाही. दागिनेही नाहीत. जयराजने पुढच्या सुट्टीत कौलं उतरवून स्लॅब टाकला. त्या उतरवलेल्या कौलांचं काय झालं, ते आकारामने विचारलं नाही. शालूबाई निकालानंतरच्या थंडीत गेली. नाथाजी कधीमधी बाजारात दिसतो आणि दोघेही एकमेकांना रामराम घालतात. रामराम घालताना आकारामची नजर खाली असते, त्या माणसाच्या हातांकडे.

पुढच्या उन्हाळ्यात इस्लामपूरच्या बाजूने एकही निरोप आला नाही. उंब्रजच्या आसपास चार घरं उरली आहेत, कौलारू आणि त्याच्यावर विश्वास असलेली. बिरदेव त्याच्या हाताखाली काम शिकला. हल्ली त्या चार घरांवर बिरदेव चढतो आणि आकाराम, पुन्हा कुणाच्या उघड्या छपरापाशी बसायला नको म्हणून, खाली उभा राहून एकेक कौल त्याच्या हातात देतो.